आठ म्हणजे आठ हजार ना, काका?

परवा संध्याकाळी मंडळाच्या एका पोरानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "असू द्या काका, फसतंय माणूस कधी कधी." पोरगं बावीस-तेवीसचं, वर्गणी मागायला आलेलं. हे मंडळ दरवर्षी न विचारता ५०१ ची पावती हातात कोंबतं. यंदा त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि आपणहून २५१ ची फाडली. अडीचशे वाचले म्हणून खूश व्हावं, तर सवलत कशापोटी मिळाली ते उघड होतं. अजून घशाखाली उतरलेलं नाही.

कारण हॉलमध्ये उभं होतं. क्लिप्श कंपनीचे ला स्काला नावाचे स्पीकर, सत्तरच्या दशकातली जोडी, पुण्यातल्या एका बंगल्यातून आणलेली. किंमत घरात सांगितलेली नाही, तेव्हा इथेही नको. एकेक खोकं पंचावन्न किलोच्या आसपास, पण धरायला कुठे कडी नाही की खाच नाही. हळदीचं पोतं पाठीवर टाकून पळणाऱ्या हमालांनी विचारलं, "आत काय हाय?" मी खरं ते सांगितलं, "हवा." मग दुसऱ्या मजल्याचे त्यांनी शंभर जास्त लावले. बरोबरच आहे. हवेचं एवढं वजन कोण फुकट उचलेल?

कर्ण्याच्या स्पीकरचं तत्त्व सांगलीतल्या कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक असतं. पल्याडच्या बांधावरच्या माणसाला हाक मारायची तर आपण तोंडाभोवती दोन्ही हात धरतो. घसा तोच, जोर तोच, पण हाक दुप्पट लांब जाते. स्पीकरचा पडदा लहान आणि समोरची हवा अफाट, त्यामुळे त्याची हवेवर पकडच बसत नाही. बहुतेक शक्ती पडदा हलवणारी तारेची गुंडाळी, म्हणजे कॉईल, तापवण्यात जाते. कर्ण्याच्या अरुंद गळ्याशी पडद्याला हवेचा नीट दाब मिळतो, आणि तोंडापर्यंत येता येता तो दाब सावकाश मोकळ्या हवेत उतरतो. घाट चढताना आपण पहिला गिअर टाकतो ना, तसंच. पडदा जेमतेम हलतो, म्हणून आवाजात विकृती कमी. साध्या शेल्फवरच्या स्पीकरला एक वॅट दिला तर एका मीटरवर ८६ डेसिबलच्या आसपास मिळतात. ला स्कालाला तोच एक वॅट दिला की १०४. फरक १८ डेसिबलचा, म्हणजे शक्तीच्या हिशेबात सुमारे ६३ पट.

हे सगळं मी त्या पोराला सांगितलं. तीच चूक झाली.

तो आला, चप्पल काढली आणि दारातच थबकला. "काका, डॉल्बी आणलाय व्हय?"

आमच्याकडे मोठ्या आवाजाच्या कुठल्याही वस्तूला डॉल्बीच म्हणतात. मी म्हटलं, "डॉल्बी नाही रे, स्पीकर आहेत. गाणी ऐकायला."

"घरात?" त्यानं खोक्याभोवती एक फेरी मारली. बैलबाजारात दात बघतात तसं वाकून कर्ण्याच्या तोंडात बघितलं, बाजूच्या फळीवर टकटक केलं. "बेस किती इंची?"

"पंधरा."

"अठराचा न्हाई?"

"नाही."

"बरं. टॉप?"

"वर दोन कर्णे आहेत, मिडचा वेगळा आणि ट्विटरचा वेगळा. ४०० हर्ट्झच्या खालचं बेसकडे, ६००० च्या वरचं ट्विटरकडे."

इथवर त्याच्या चेहऱ्यावर आदर होता. मला तो आवडत होता, हेही कबूल करतो. मग त्यानं विचारलं, "आनि ॲम्प कुठाय?"

मी पाटावर ठेवलेला ॲम्प्लिफायर दाखवला. व्हॉल्वचा, एका बाजूला ३००बी नावाचा एकच व्हॉल्व.

"हे तर बल्ब हायत."

"व्हॉल्व आहेत. जुन्या रेडिओत असायचे तसे."

"किती वॅट?"

"आठ."

त्यानं मान डोलावली. "आठ हजार म्हंजे बास की. आमचा सोळा हाय, पन आमाला रस्ता असतोय."

"आठ हजार नव्हे. आठ."

"आठशे?"

"आठ. सात आणि एक."

तो बराच वेळ काही बोलला नाही. आधी ॲम्पकडे, मग खोक्यांकडे आणि शेवटी माझ्याकडे बघितलं. मग आवाज खाली आणून, घरातल्यांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाला, "काका, आमच्या बाथरूमचा बल्ब नऊचा हाय."

मी डेसिबलवर घसरलो. कागद घेतला, ६३ गुणिले ८ मांडलं, ५०४ काढून दाखवलं. म्हटलं, शेल्फवरच्या स्पीकरला जो आवाज काढायला पाचशे वॅट लागतील, तो इथे आठात निघतो. रोजच्या ऐकण्याला तर वॅटचा शंभरावा भाग पुरतो. त्यानं कागद नीट वाचला आणि विचारलं, "ह्ये तुमाला इकणाऱ्यानं सांगितलं का?"

पॉल क्लिप्श नावाचा या स्पीकरचा जनक अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातल्या होप गावात राहायचा. कोणी पटण्याजोगं नसलेलं काही बोलू लागलं की हा गृहस्थ कोटाची कड उलटी करायचा. आत पिवळा बिल्ला, त्यावर इंग्रजीतली एक सणसणीत शिवी. तोंडानं चकार शब्द नाही. मला तो बिल्ला त्या क्षणी हवा होता. पण मंडळाच्या पोरापुढे कोट कुठला, मी बनियनवर होतो.

एका बाबतीत मात्र पोरगं नकळत बरोबर होतं. नाव मिलानच्या ऑपेरागृहाचं असलं तरी ला स्काला घरातल्या हॉलसाठी जन्मलाच नाही. १९६३ मध्ये क्लिप्शनं तो बनवला तो विन्थ्रॉप रॉकफेलर यांच्या आर्कान्साच्या गव्हर्नरपदाच्या प्रचारसभांसाठी. म्हणजे मूळचा सभेचाच भोंगा. हे मी त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं तो उचलूनच नेला असता.

"वाजवून तर बघू," तो म्हणाला. वाजवण्याजोगं व्हायलाच तीन आठवडे गेले होते, हे त्याला काय सांगणार! जुनी जोडी घेणाऱ्यानं पहिल्याच दिवशी क्रॉसओव्हरकडे, म्हणजे बेस, मिड आणि ट्विटरला आपापले स्वर वाटून देणाऱ्या सर्किटकडे बघावं. बेसचा वूफर पन्नास वर्षं टिकतो, कपॅसिटर टिकत नाहीत. बाहेरून डबा ठणठणीत दिसतो, मीटरवर मायक्रोफॅरड, म्हणजे कपॅसिटरचं माप, तेही जवळपास भरतं, पण आतला रोध वाढलेला असतो. मग वरचे स्वर मलूल होतात, आणि माणूस उगाच ट्विटर गेला म्हणून नवा शोधत हिंडतो. माझ्या जोडीतल्या क्रॉसओव्हरमध्ये प्रत्येकी एक १३ मायक्रोफॅरडचा आणि दोन २ चे. जुने डबे तेलाचे असतात. ते फोडू नयेत, गळत असतील तर उघड्या हातानं धरू नयेत.

बदली कपॅसिटरसाठी परदेशी पार्सलची वाट बघायचं कारण नाही. पंख्याचे आणि पंपाचे मोटर-रन कपॅसिटर पॉलिप्रॉपिलिनचे असतात, ४४० व्होल्ट एसीचे, पाच टक्क्यांच्या आतबाहेर. १३ चा मिळत नाही, म्हणून १० आणि ३.१५ समांतर जोडले, १३.१५ झाले. २ चा मिळाला तर घ्यावा, नाहीतर ४ चे दोन एकापुढे एक जोडावेत, २ भरतात. एकच सांभाळायचं: मोटर सुरू करण्यापुरता लागणारा काळा गोल कपॅसिटर घ्यायचा नाही. तो इलेक्ट्रोलायटिक असतो, त्याच्या आकड्याचा भरवसा नाही आणि आवाजाचा त्याहून नाही. मी दुकानात ४ चे आठ मागितले तेव्हा काउंटरवरचा म्हणाला, "एकदम आठ पंखे गेले? लाईट वाढून आली का तुमच्याकडं?" मी हो म्हणालो. सगळ्या जगाला किती समजावणार?

खरं तर या कामाला शेजारच्या मिरजेत कोणी हसलं नसतं. तिथे सतारमेकर तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा घुमारा, काढतात. घोडीची हाडाची पट्टी कानसीनं घासायची, तार छेडायची, पुन्हा घासायची. मग सूत तारेखाली केसभर पुढेमागे सरकवत बसायचं. भोपळा मोठा म्हणून तंबोरा चांगला, असं तिथे कोणी म्हणणार नाही. मीरासाहेब दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ अजून गाणं होतं. खाँसाहेब १९३७ मध्ये गेले. त्यांच्या पिढीनं तर सुरुवातीची ध्वनिमुद्रणं कर्ण्यातच गाऊन केली. १९२५ पर्यंत मायक्रोफोनवर मुद्रण नव्हतंच. गाणाऱ्यानं कर्ण्यात तोंड घालून गायचं, ऐकणाऱ्यानं दुसऱ्या कर्ण्याला कान लावायचा, मध्ये एकही वॅट नाही. त्या हिशेबानं माझे आठ म्हणजे उधळपट्टी आहे. असो, भरकटलो.

तर वाजवलं. ढोलकी असलेली एक जुनी लावणी लावली. ढोलकीची शाई बोटाखाली दाबली जाते तो आवाजसुद्धा ऐकू येत होता. पोरगं हाताची घडी घालून पूर्ण गाणं ऐकत उभं राहिलं. एकदा बाईनं श्वास घेतला तेव्हा चमकून मागे बघितलं. मी मनातल्या मनात जिंकलो होतो.

गाणं संपलं. तो म्हणाला, "आवाज लई सपष्ट हाय काका. पन बेस कुठाय?"

राग आला तो याचा. कारण बेस खरंच नाही. ५० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी जवळजवळ सात मीटर. तिला नीट बाहेर काढायचं तर कर्ण्याच्या तोंडाचा घेर त्याच मापात हवा, म्हणून हे लोक कर्ण्याला घड्या घालून खोक्यात बसवतात. ला स्काला पन्नासच्या आसपास दम टाकतो आणि त्याखाली सरळ मान टाकतो. यावर उपाय एकच: खोकं कोपऱ्यात सरकवायचं. दोन भिंती आणि फरशी मिळून कर्ण्याचं तोंड मोठं करतात, खालचे स्वर भरतात. शिवाय तळाची फळी उघडून तिची वाळलेली पट्टी बदलायची. दाराला लावतात ती तीन मिलिमीटरची फोमची पट्टी चालते. हवा गळली की आहे तोही बेस जातो. स्क्रू समोरासमोरचे आवळायचे, गाडीच्या चाकाचे आवळतो तसे. पट्टीचं काम मी केलं आहे. कोपऱ्याचं राहिलं आहे. हॉलला जेवढे कामाचे कोपरे आहेत त्यातल्या एकात फ्रीज आहे आणि ईशान्येच्या कोपऱ्यात देव्हारा. या विषयावर घरात दोन बैठका झाल्या. दोन्हीचा निकाल देवाच्या बाजूनं लागला.

हे सगळं बावीस वर्षांच्या पोरानं एका गाण्यात पकडलं आणि लगेच चुकीचा निष्कर्ष काढला. "मंडळाचा एक ॲम्प रिकामा हाय, दोन हजाराचा. आणू का? फुकट." मी ओरडलोच. मिडचा आणि ट्विटरचा पडदा, त्यांच्या कॉईलची तार बघितली तर जीव घाबरतो. दोन हजारांचा एक धक्का बसला की दोन सेकंदांत राख. तो दचकला. आणि मग तो हात खांद्यावर आला.

फसलं कोण, हा वेगळा प्रश्न आहे. त्याच आठवड्यात सोसायटीची चिठ्ठी आली होती: "आपल्या डॉल्बीमुळे रहिवाशांना त्रास होत आहे." चिठ्ठी आली त्या दिवशी दोन्ही क्रॉसओव्हर जेवणाच्या टेबलावर उघडे पडले होते. खोक्यांना तारसुद्धा जोडलेली नव्हती. त्रास होत होता तो मंडळाच्या चाचणीचा. पण ते सार्वजनिक आहे, म्हणून तो त्रास नसतो, उत्साह असतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल लिहिले आहेत, रात्र दहाला सुरू होते हेही लिहिलं आहे. सणासुदीला मध्यरात्रीपर्यंतची सवलत, तीही वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस. मिरवणुकीत आमच्या खिडक्यांच्या काचा चौकटीत थडथडतात, फडताळातले कप एकमेकांवर आपटतात, गल्लीतली म्हातारी माणसं कानात कापूस घालून आतल्या खोलीत बसतात. त्यांना कोणी चिठ्ठी देत नाही. पाठवणार कोण? चिठ्ठीवरची पहिली सही मंडळाच्या खजिनदाराची आहे.

मी दारापर्यंत पोराला सोडायला गेलो. त्यानं जाता जाता जिन्यातल्या दूधवाल्याला काहीतरी सांगितलं. काल सकाळी दूधवाल्यानं पिशवी देताना विचारलं, "काका, त्यो माणूस पैसे परत देतोय का न्हाई?"

मी दार लावून घेतलं आणि पावती पहिल्यांदा नीट बघितली. रक्कम २५१. नावाच्या रकान्यात लिहिलंय: श्री. डॉल्बीवाले काका.