‘हा रस्ता असाच राहो’ हे वाक्य मी काढलं आहे

नमस्कार. मोरोक्कोतल्या ऐत बुगेमेझ खोऱ्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत. तुमचे मुख्य आक्षेप तीन. मी तिथल्या माणसांना ‘बर्बर’ म्हटलं, पर्यटकांच्या वाटेवर नसलेल्या गावांची नावं देऊन गर्दीला आमंत्रण दिलं, आणि त्या लोकांच्या गैरसोयीला ‘शांतता’ म्हणून गोंजारलं. उत्तराला चार दिवस लागले, कारण तिसरा आक्षेप मला फार लागला.

पहिला सरळ मान्य. मराठीत बर्बर म्हणजे रानटी, क्रूर. ‘बर्बर हल्ला’ असं आपण पेपरात वाचतो तो हाच शब्द. आपली भाषा न बोलणाऱ्यांना ग्रीकांनी जे नाव ठेवलं ते पुढे युरोपभर रुळलं, आणि मी ते इंग्रजी प्रवासपुस्तकांतून जसंच्या तसं उचललं. ते लोक स्वतःला अमाझिग म्हणवतात, अनेकवचनात इमाझिगेन. 2011 च्या राज्यघटनेने त्यांच्या भाषेला राजभाषेचा दर्जा दिला. 2024 पासून त्यांच्या नववर्षाची 14 जानेवारीला देशभर सुट्टी असते. आपल्याकडे त्याच सुमारास संक्रांत असते. लेखात सगळीकडे दुरुस्ती केली आहे.

नावांबाबत मात्र तुमचं पटलं नाही. ॲटलास पर्वतातल्या मगून शिखरावर जाणारे गिर्यारोहक कित्येक वर्षं याच खोऱ्यातून चढतात. टाबांत या मुख्य गावात डोंगरातल्या वाटाड्यांना शिकवणारं प्रशिक्षण केंद्र आहे. घराघरांवर मुक्कामाच्या सोयीच्या पाट्या आहेत आणि त्या घरमालकांनीच लावल्या आहेत, पाहुणे यावेत म्हणून. मी गावाचं नाव झाकायचं म्हणजे पुण्यात बसून त्यांच्या दारावरची पाटी उतरवायची. ‘कुणालाच ठाऊक नसलेलं खोरं’ हे माझे शब्द तेवढे चूक होते. मराठीत त्याबद्दल फारसं लिहिलेलं नाही, एवढंच मला म्हणायला हवं होतं.

आता रस्ता. अझिलाल या प्रांताच्या मुख्य शहराकडून टाबांतला जाताना घाटमाथा सुमारे 2600 मीटरवर लागतो. आम्ही मे महिन्यात गेलो तेव्हा तासाभरात समोरून दोनच गाड्या आल्या. डांबराच्या कडा तुटलेल्या, वळणांवर डोंगरातून सुटलेले दगड. खोऱ्यात उतरलं की एकदम हिरवं होतं: जव, सफरचंदाच्या बागा, अक्रोडाची मोठी झाडं आणि वर मातीच्या भिंतींची, सपाट धाब्याची घरं. त्या आनंदाच्या भरात मी लिहिलं, ‘हा रस्ता असाच राहो.’

जुलै 2025 मध्ये याच खोऱ्यातली माणसं मोठ्या संख्येने अझिलालच्या दिशेने पायी निघाली. रस्ते नीट करा, आरोग्य केंद्राला कायमचा डॉक्टर द्या, मोबाइलला रेंज द्या, या त्यांच्या मागण्या होत्या. जो रस्ता असाच राहो असं मी लिहिलं होतं, तोच सुधारावा म्हणून ते उन्हात चालत होते. बातमी वाचल्यावर मला लेख उघडवेना.

त्याहून वाईट गोष्ट तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून सांगते. आम्ही ज्या घरी उतरलो होतो तिथल्या मावशींनी चहा ओतता ओतता सुनेचं सांगितलं होतं. दिवस भरत आले तेव्हा बर्फाचे दिवस होते आणि घाट केव्हा बंद होईल याचा नेम नव्हता. म्हणून तिला महिनाभर आधीच खाली नातेवाइकांकडे नेऊन ठेवलं होतं. मुलगा कामासाठी कासाब्लांकाला. गल्लीत दुपारी जी शांतता मला भावली, त्यात त्या मुलासारख्या कितीतरी जणांची गैरहजेरी होती. हे सगळं मी ऐकलं होतं, वहीत टिपलंही होतं. लेखात घेतलं नाही, कारण लेखाचा सूर बिघडला असता.

शेतातल्या पाण्याच्या पाटावरच्या बाईंच्या फोटोबद्दलही तुम्ही विचारलंत. त्या चक्क दारं धरत होत्या, म्हणजे एकेका वाफ्यात पाणी वळवत होत्या, दुसरा शब्दच नाही. लांब दांड्याच्या कुदळीने चिखलाचं ढेकूळ उचलून एका वाफ्याचं तोंड बुजवलं, दोन पावलं पुढे जाऊन दुसरं फोडलं, पाणी आत शिरायला लागल्यावर पायानेच काडीकचरा बाजूला सारला. माझं आजोळ धुळे जिल्ह्यातल्या साक्रीकडचं. तिथल्या पांझरा नदीच्या पाण्यावर सामाईकपणे भिजणाऱ्या शेतात, म्हणजे फडात, पाणी देणारा पाटकरी हेच करताना मी लहानपणी पाहिलेला आहे, त्यामुळे मी बांधावर खिळून उभी राहिले. पाटाला तिकडे तार्गा म्हणतात आणि पाणी पाळीनेच मिळतं. बाईंनी पाण्याकडे बोट करून ‘अमान’ म्हटलं, मी ‘पाणी’ म्हटलं, आणि दोघी हसलो. मग मी फोन दाखवला, त्यांनी मान हलवली. पण ती मान समोर उभ्या असलेल्या मला होती. हा फोटो हजारो अनोळखी लोक बघतील हे मी त्यांना सांगितलं नव्हतं, सांगण्याइतकी भाषाही मला येत नव्हती. फोटो काढून टाकला आहे.

त्या वाक्याच्या जागी आता रस्त्याची खरी अवस्था आणि मोर्च्याची माहिती घातली आहे. जाणाऱ्यांसाठी काही सूचनाही वाढवल्या आहेत: पेट्रोल अझिलालला भरून घ्या आणि घाट उजेडीच उतरा. मुक्काम खोऱ्यातल्याच घरात करा. माराकेशहून जीप करून एका दिवसात फिरून आलात तर त्या घरांच्या हाती काहीच लागत नाही.

सुनेचा परिच्छेद नवीन आहे. जमलं तर तेवढा वाचून कळवा.