डावीकडे म्हणजे कुणाच्या?

रिफ्लेक्टर, म्हणजे आरशाचा टेलिस्कोप घेताना एक गोष्ट कुणीच सांगत नाही, ती म्हणजे यातून आकाश कमी आणि स्क्रू जास्त बघायचे असतात. माझा आठ इंची डॉब आहे, म्हणजे साध्या फिरत्या लाकडी बैठकीवरचा रिफ्लेक्टर; एफ ६, म्हणजे फोकल लेंग्थ आरशाच्या व्यासाच्या सहापट, साधारण १२०० मिमी. तळाला मोठा आरसा, वरच्या तोंडाशी ४५ अंशात तिरका बसवलेला छोटा, आणि या दोघांची नजरानजर झाली नाही की गुरूचे पट्टे पुसट आणि ताऱ्यांना शेपट्या. गच्चीवर नेताना जिन्यात कठड्याला जरा धक्का लागला की संपलं, परत कोलिमेशन, म्हणजे दोन्ही आरसे एका रेषेत जुळवणं.

आता यातला खरा प्रॉब्लेम ऑप्टिक्सचा नाहीच, शरीररचनेचा आहे. डोळा लावायचा वरच्या फोकसरला (आयपीस बसते ती नळी) आणि पिळायचे स्क्रू पार तळाशी, एवढा लांब हात कुणाचा असतो? म्हणून खाली बाबा बसतात, पाटावर, हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन.

"बाबा, डावीकडचा थोडा पिळा."

"डावीकडे म्हणजे तुझ्या की माझ्या?"

"तुमच्या. नाही, थांबा, मला आरशात उलटं दिसतंय, माझ्या."

"आधी तू ठरव, मग मला सांग."

मुळात स्क्रू तीन, १२०-१२० अंशांवर, त्यात डावा असा कुठलाच नसतो. मग बाबांनी नावं पाडली, टाकीकडचा, जिन्याकडचा आणि समोरच्या टॉवरकडचा. छान चाललं होतं, फक्त डॉब फिरवला की टाकीकडचा जिन्याकडे जातो.

वैतागून आरसे जुळवायचा लेझर मागवला. तो फोकसरमध्ये खोचायचा, आधी छोट्या आरशाचे स्क्रू फिरवून लाल ठिपका मोठ्या आरशाच्या मधल्या रिंगमध्ये आणायचा, मग मोठा आरसा हलवून ठिपका आला तसा परत पाठवायचा. सगळं एकदम परफेक्ट जुळलं आणि तारे पहिल्यापेक्षा वाईट! शेवटी सहज म्हणून लेझर जागच्या जागी गोल फिरवला तर ठिपका एका जागी राहायचं सोडून आरशावर प्रदक्षिणा घालायला लागला. म्हणजे लेझर स्वतःच वाकडा. वाकड्याने सांगायचं सरळ काय ते, आणि आम्ही बापलेक त्याचं ऐकून चांगला जुळलेला आरसा बिघडवत बसलेलो.

पण यात आम्ही एकटे नाही हो. १९९० मध्ये हबल ही अंतराळ दुर्बीण वर गेली तेव्हा तिच्या आरशाची कड २.२ मायक्रॉनने जास्त सपाट निघाली, आणि कारण काय, तर आरसा तपासायच्या उपकरणातलंच एक भिंग १.३ मिमी चुकीच्या जागी बसलेलं. शेवटी डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीर जाऊन दुरुस्त करून आले. हे सांगितल्यावर बाबांचा पहिला प्रश्न, "त्यांच्यात खाली कोण बसलं होतं?"

लेझर गेला परत. बाबांनी ड्रॉवरमधून फिल्म रोलची जुनी काळी डबी काढली (आमच्याकडे काही टाकत नाहीत, आई याला आजार म्हणते), बूड कापलं, झाकणाला बरोब्बर मध्ये भोक पाडलं. ती डबी सव्वा इंची फोकसरमध्ये बसते. भोकातून बघायचं, आरशांची सगळी वर्तुळं एकात एक दिसली की झालं. फुकटात काम.

मग फायनल टेस्ट ध्रुवताऱ्यावर, कारण डॉबला मोटर नाही आणि बाकीचे तारे पळतात. पुण्यातून ध्रुव क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंशांवर, म्हणजे नेमका त्या टॉवरच्या कडेला लागून. आरसा गार होऊ दिला, नाहीतर आतली गरम हवाच तारा उकळत ठेवते. तारा जरा आउट ऑफ फोकस केला, मधोमध काळं भोक असलेली गोल चकती यायला हवी. भोक मधोमध होतं. चकती मात्र चक्क त्रिकोणी.

"बाबा, तुम्ही अजून कशाला हात लावलात?"

"कशाला नाही रे. आरशाच्या त्या तीन क्लिपा लुज होत्या, जरा आवळल्या. हलायला नको उगाच."

त्या क्लिपा लुजच ठेवायच्या असतात, कागद आत सरकेल इतपत, नाहीतर काच दाबली जाते. आता स्क्रूड्रायव्हर कपाटात आहे आणि किल्ली आईकडे.