बॅटरीची तार काढली म्हणजे बिघाड गेला असं नाही

‘चेक इंजिनचा दिवा लागला की बॅटरीची मायनस तार 15 मिनिटं काढून ठेवा, बिघाड जातो,’ असा मेसेज जालना-बीडकडं फिरतोय. बऱ्याच गाड्यांत दिवा विझतो, हे खरं. पण बिघाड तिथंच राहतो, वर गाडीच्या कॉम्प्युटरच्या मेमरीतला बिघाडाचा कोड पुसला जाऊन मेकॅनिकच्या हातचा पुरावाच जातो. काही गाड्यांचं आयडलिंग (गाडी उभी असताना इंजिनचं चालणं) बिघडतं, रेडिओ पासवर्डसारखा त्याचा कोड मागतो, ते वेगळंच.

आधी कोड वाचा. स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला 16 पिनांचं सॉकेट असतं. त्यात स्कॅनर (कोड वाचायचं यंत्र) लावा, चावी ऑन करा, कोड लिहून घ्या. पी 0171 आला की लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलायला सांगणारे पुष्कळ भेटतात. कोड एवढंच सांगतो, की हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतंय. आधी इंजिनच्या हवेच्या वाटेला जोडलेला व्हॅक्यूम पाइप चिरलाय का शोधा, मग इंजिनात जाणारी हवा मोजणारा एअरफ्लो सेन्सर मळलाय का बघा (आपल्याकडच्या धुळीत फिल्टर नीट बसला नाही की हा मळतोच), शेवटी फ्युएल प्रेशर, म्हणजे पेट्रोलचा दाब. दुरुस्ती झाल्यावरच स्कॅनरनं कोड पुसा.

दिवा लुकलुकत असेल तर मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं) जोरात आहे. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणारा सायलेन्सरच्या वाटेवरचा भाग) जळून तो वितळू शकतो. तशीच दामटत लातूर गाठायचा हट्ट नको. गाडी बाजूला घेऊन बंद करा.