पहिल्या मतपत्रिकेवर काय छापायचं?

गोव्यातल्या फोंड्याच्या तिस्कावर काल इराणचा विषय निघाला आणि दोन तट पडले. सुदेश म्हणत होता, तिथली धर्मगुरूंची सत्ता शांततेनं घालवायची तर सगळ्यांना मान्य होईल असा एक चेहरा आधी हवा. मायाचं म्हणणं, चेहऱ्यावर केलेली एकी चेहऱ्याबरोबरच संपते. एकी करायची ती पुढचे निर्णय कुणी आणि कसे घ्यायचे यावर. मी मायाच्या बाजूचा. पण सुदेश आणि तोमासनं काढलेल्या अडचणी खऱ्या आहेत, म्हणून सगळंच मांडतो.

"चेहरा १९७९ मध्ये होताच की," माया म्हणाली. "डावे, उदारमतवादी, बाजारातले व्यापारी, विद्यार्थी, सगळे धर्मगुरू खोमेनींच्या मागे. शहा, म्हणजे इराणचा राजा, जावा एवढ्यावर एकमत. मग ३० आणि ३१ मार्चला सार्वमत घेतलं. प्रश्न काय? इस्लामी प्रजासत्ताक, हो की नाही. दुसरा पर्याय नाही आणि त्या प्रजासत्ताकाची घटना तर अजून लिहिलेलीही नव्हती. ९८ टक्क्यांवर लोक 'हो' म्हणाले. कशाला, ते त्यांनाच माहीत नव्हतं."

"घटना लिहिताना अडवायचं होतं," तोमास म्हणाला.

इथे खरी मेख आहे. जून १९७९ च्या मसुद्यात सर्वोच्च धर्मगुरूचं पदच नव्हतं. खोमेनी तो मसुदा थेट मतदानाला टाकायला तयार होते. उदारमतवाद्यांनीच आग्रह धरला की निवडून आलेली घटनासभा हवी. मागणी तत्त्वानं बरोबर होती, पण सभा केवढी आणि तिची निवडणूक कशी, हे आधी ठरलेलं नव्हतं. मिळाली ७३ जणांची सभा, तीत मौलवींचं भक्कम बहुमत, आणि त्या बहुमतानं 'विलायत-ए-फकीह', म्हणजे राज्यावर धर्मशास्त्री गुरूची सर्वोच्च सत्ता, घटनेत आणलं. मग कुलूप पक्कं झालं: पालक मंडळात १२ जण, त्यांतले ६ धर्मगुरू थेट सर्वोच्च नेत्यानं नेमलेले, आणि हेच मंडळ उमेदवार गाळणार. नेता निवडणाऱ्या तज्ज्ञसभेचे उमेदवारसुद्धा! त्यावर १७७ वं कलम म्हणतं की राज्याचं इस्लामी स्वरूप बदलताच येणार नाही.

सुदेश हटला नाही. "म्हणूनच या व्यवस्थेच्या बाहेरून जोर लागणार, आणि जोराला नेता लागतो. कुर्द, बलुच, अझेरी, अरब, सुन्नी, बहाई यांना एका दोरीत कोण बांधणार?"

"२०२३ च्या सुरुवातीला परदेशातल्या नामवंतांनी आघाडी केली होती. काही महिन्यांत फुटली," माया म्हणाली. "नेपाळ बघ. नोव्हेंबर २००५ मध्ये राजाच्या एकहाती सत्तेविरुद्ध सात पक्ष आणि सशस्त्र माओवादी बंडखोर यांच्यात १२ कलमी समझोता झाला. एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता. तरी निवडून आलेली घटनासभा घ्यायची आणि दोन्हीकडची शस्त्रं तिऱ्हाइताच्या देखरेखीखाली ठेवायची, यावर सह्या झाल्या. एप्रिल २००६ मध्ये १९ दिवस आंदोलन चाललं आणि राजा नमला. १८ मे रोजी संसदेनं हिंदू राष्ट्र संपल्याचं जाहीर केलं."

शस्त्रांची व्यवस्था मला फार शहाणपणाची वाटते. माओवाद्यांची हत्यारं छावण्यांत कंटेनरमध्ये बंद. किल्ली त्यांच्याच हाती, पण पहारा संयुक्त राष्ट्रांचा, उघडलं की भोंगा वाजणार. सरकारी लष्करानंही तेवढीच हत्यारं कुलपात ठेवली. कुणी कुणाला शरण गेलं नाही. सुदानमध्ये हे जमलं नाही: २०१९ मध्ये सेनापतींबरोबर सत्ता वाटून घेतली, बंदुका त्यांच्याकडेच राहिल्या, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांनी उठाव केला.

सभेच्या जागांचंही तसंच. नेपाळनं ६०१ ठेवल्या: २४० थेट मतदारसंघांतून, ३३५ पक्षांच्या मतांच्या प्रमाणात, २६ नेमलेल्या. प्रमाणाच्या यादीत महिला, दलित, जनजाती, मधेशी (दक्षिणेच्या सखल भागातले लोक) यांचा वाटा बांधलेला. विखुरलेल्या गटाला आत येण्याची वाट आधी दिसली, तर तो आंदोलनात टिकतो.

"पण पुढचं सांग," तोमास म्हणाला. "पहिली सभा २०१२ मध्ये घटना न लिहिताच संपली. प्रांतांच्या सीमांचा प्रश्न शेवटावर ढकलला आणि २०१५ मध्ये घटना आली तेव्हा मधेशात चाळिसावर माणसं मेली. हिंदू राष्ट्राची मागणीही अजून होते, कारण तो निर्णय लोकांपुढे थेट गेलाच नाही."

मायानं हे मान्य केलं. सीमा आणि भाषा पहिल्या वर्षी, हेच बरोबर. हरणाऱ्याला जागा कशी ठेवायची, याचा दाखला मात्र आपल्याच घरी, गोव्यात आहे. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा ठेवायचा, यावरच्या १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाआधी विलीनीकरणवादी मुख्यमंत्री बांदोडकरांच्या मंत्रिमंडळानं राजीनामा दिला, म्हणजे सत्तेचा जोर कुठल्याच पारड्यात नको. पर्याय दोन, चिन्हं दोन: फूल आणि दोन पानं. विलीनीकरण ३४,०२१ मतांनी हरलं. घराघरांत कडवटपणा होता, पण निकाल पाळला गेला, कारण निवडणूक समोर होती. मार्चमध्ये ती झाली आणि हरलेल्या बाजूचेच बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले.

शेवटी वाद मौलवींवर आला. सुदेशला वाटतं, धर्मगुरूंची सगळी मालमत्ता जप्त करावी. तोमास उसळलाच. "पोर्तुगालात १९१० चं प्रजासत्ताक आलं तेव्हा गोव्यातल्या हिंदूंना बरोबरीचे हक्क मिळाले, हे खरं. पण १९११ च्या कायद्यानं तिथे चर्चची मालमत्ता सरकारनं घेतली, पाद्रींना झगा घालून रस्त्यावर फिरायला बंदी केली. साधे भाविक शेतकरी दुखावले. १९२६ चा लष्करी उठाव आणि मग हुकूमशहा सालाझार आला तेव्हा तेच प्रजासत्ताकाच्या पाठीशी उभे राहिले नाहीत."

त्यावर मायानं सुचवलेली फोड मला पटते: मशीद, मदरसा आणि भाविकांची वर्गणी त्यांच्याच हाती राहू द्यावी, शहाच्या मालमत्तेतून उभे राहिलेले, नेत्याच्या हुकमातले मोठे न्यास, म्हणजे बुनियाद, ते मात्र पहिल्या दिवसापासून संसदेच्या लेखापरीक्षणाखाली यावेत. सुदेश म्हणतो, एवढ्यानं क्रांतिरक्षकांचा, म्हणजे राजवटीच्या खास सैन्यदलाचा, पैसा आटणार नाही, त्यांच्या बांधकाम कंपन्यांसाठी वेगळं कलम लागेल. त्यात तथ्य आहे, आणि ते कलमही आंदोलनाआधीच्या कागदावर असायला हवं.