खारकच्छाचा सातबारा

ओडिशाची सहल आटोपून पुण्यास परतलेल्या सुज्ञ वाचकाने चिल्का सरोवराविषयी, म्हणजे वाळूच्या पट्ट्याआडून अरुंद मुखाने समुद्राला जोडलेल्या खारकच्छाविषयी, मत देण्यापूर्वी त्याचे क्षेत्रफळ विचारावे. उन्हाळ्यात सुमारे ९००, पावसाळ्यात ११६५ चौरस किलोमीटर, असे उत्तर मिळताच कारभार ढिसाळ असल्याचे सांगून उन्हाळ्याची मोजणी कायम करण्याची आणि उरलेल्या ‘जमिनी’चा सातबारा काढण्याची सूचना करावी. मुठेच्या पूररेषेमुळे आपला अनुभव दांडगा आहेच. रात्री डंपरमधून ओतलेला राडारोडा, त्यातल्या फुटक्या फरश्या आणि कमोडच्या तुकड्यांसकट, सकाळी नदीचा काठ म्हणून कसा मिरवतो, हे त्या बिचाऱ्यांना आपल्यावाचून कोण शिकवणार?

शिवाय निम्मा भराव तिथे फुकट पडतो. महानदीच्या दया, भार्गवी या शाखा उत्तरेकडून गाळ आणतात. समोर बंगालच्या उपसागराच्या लाटा किनाऱ्यावर तिरप्या आदळून वाळू ईशान्येकडे सरकवत राहतात, त्यामुळे खारकच्छाचे मुख हळूहळू दूर ढकलले जाते आणि बुजत जाते. मग भरतीचे खारे पाणी आत येईना, गाळ बाहेर जाईना, आणि गोड्या पाण्यातले तण माजते. (जलपर्णीचे हिरवेगार मैदान पाहायला पुणेकराला रेल्वेचे तिकीट काढावे लागत नाही, हे मान्य.) एवढ्यानेही भागले नाही, तर कोळंबीच्या घेरी (पाण्यातली कुंपणे) घालून उरलासुरला प्रवाह अडवावा. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये चिल्क्यापासून १००० मीटरच्या आत कोळंबीपालनास मनाई केली आहे. आपण १००१व्या मीटरवर उभे राहून बोलावे.

सप्टेंबर २००० ची गोष्ट मात्र सहलीच्या वृत्तांतातून वगळावी. १९९३ पासून धोक्यातील पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय यादीत पडलेल्या या सरोवराला सिपाकुडा येथे वाळूचा पट्टा कापून नवे मुख दिले, तेव्हा खारेपणा परतला, तण हटले, मासळी वाढली आणि २००२ मध्ये त्याचे नाव यादीतून निघाले. पाण्याची वाट मोकळी केली की पुष्कळसे काम पाणीच करते, असा गैरसमज आपल्या पेठांतही पसरायला वेळ लागणार नाही. २०१९ च्या फनी चक्रीवादळाने तर ना-हरकत प्रमाणपत्र न घेताच आणखी मुखे उघडली. त्याचा निषेध अवश्य नोंदवावा.

एवढ्यात खडकवासल्यातून विसर्ग वाढवल्याची सूचना आलीच, तर नदीपात्रात लावलेली आपली गाडी आधी काढावी. चिल्क्याचा विषय भिडे पुलावरचे पाणी ओसरल्यावर पुन्हा घेता येईल.