रिचर्ड आणि सलाउद्दीन कधी भेटलेच नाहीत

क्रुसेडचा, म्हणजे जेरुसलेमसाठी युरोपातल्या ख्रिस्ती सैन्यांनी केलेल्या धर्मयुद्धांचा, ‘खरा इतिहास’ सांगणारा एक संदेश गेले काही महिने फिरून फिरून माझ्याकडे येतोय. त्यात पाच मुद्दे आहेत. एक, पोप अर्बनचं १०९५ सालचं भाषण शब्दशः उपलब्ध आहे. दोन, क्रुसेडला गेले ते सगळे जमिनीत वाटा न मिळालेले धाकटे मुलगे, लुटीच्या आशेने. तीन, जेरुसलेममध्ये घोड्यांच्या लगामापर्यंत रक्त चढलं आणि ७०,००० माणसं मेली. चार, इंग्लंडचा राजा रिचर्ड आणि मुसलमानांचा सुलतान सलाउद्दीन हे दिलदार शत्रू. दोघे भेटले आणि त्यांनी एकमेकांच्या तलवारीची धार पाहिली. पाच, या काळाबद्दल जे काही लिहिलं गेलं ते राजांच्या भाटांनी लिहिलं, म्हणून त्यावर विश्वास ठेवू नये.

पाचवा मुद्दा वाचून राहवलं नाही. पहिला आणि तिसरा मुद्दा त्याच जुन्या लिखाणातून उचललेत, आणि तेच लिखाण शेवटी केराच्या टोपलीत टाकलंय. आपल्याकडे बखर हातात घेतली की कोणी लिहिली, कधी लिहिली, कोणाच्या सांगण्यावरून लिहिली हे आधी विचारतात. तेवढंच इथे विचारून बघू.

भाषणापासून सुरुवात करतो. २७ नोव्हेंबर १०९५ रोजी फ्रान्समधल्या क्लेरमाँ इथे अर्बन बोलला, हे नक्की. पण ते शब्द कोणी तिथेच उतरवून घेतलेले नाहीत. आज आपण वाचतो त्या मुख्य आवृत्त्या शार्त्रचा फुल्चर, मठवासी रोबेर, बोद्री आणि नोजाँचा गिबेर या चौघांच्या. चौघांनीही त्या १०९९ मध्ये जेरुसलेम पडल्यानंतर लिहिल्या, म्हणजे शेवट ठाऊक असताना. फुल्चरच्या भाषणात जेरुसलेमचं नावसुद्धा नाही. पूर्वेकडच्या ख्रिस्ती बांधवांना मदत करा, एवढंच आहे. रोबेरच्या भाषणात मात्र जेरुसलेम ही जगाची नाभी आहे, आणि जमाव एकमुखाने ‘देवाची इच्छा!’ असं गर्जतो. त्याआधीच्या एका निनावी वृत्तांतात हीच आरोळी पोपच्या सभेत नाही, इटलीत बोहेमंड या सरदाराला भेटलेल्या सैनिकांच्या तोंडी आहे. आपण का लिहायला बसलो हे रोबेरने स्वतःच सांगून ठेवलंय: मठाधिपतीने त्याच्या हाती एक जुना वृत्तांत दिला, त्याची लॅटिन ओबडधोबड होती आणि त्यात क्लेरमाँची सभाच नव्हती. ती जागा रोबेरने भरली. जेरुसलेमचा उल्लेख अर्बनच्या स्वतःच्या पत्रांतही आहे, त्यामुळे ते उद्दिष्ट मागाहून चिकटवलेलं नाही. पण ज्या भाषणाची वाक्यं संदेशात अवतरणचिन्हांत दिलीत, ती पोपची नव्हेत, रोबेरची.

धाकट्या मुलांचा मुद्दा मला सर्वांत जास्त खटकतो, कारण तो ऐकायला शहाणपणाचा वाटतो आणि तपासायला कोणी थांबत नाही. पहिल्या क्रुसेडचे पुढारी बघा. नॉर्मंडीचा रॉबर्ट हा विल्यम द कॉन्करर या राजाचा थोरला मुलगा. जाण्यासाठी पैसा हवा म्हणून त्याने अख्खी नॉर्मंडी १०,००० मार्कांना धाकट्या भावाकडे गहाण टाकली. म्हणजे थोरला गेला आणि धाकटा घरी राहिला! तुलूझचा रेमंड वय झालेला, गडगंज उमराव होता. ब्लुआचा काउंट स्टीफन फ्रान्समधल्या सर्वांत श्रीमंत सरदारांपैकी. बोहेमंडला मात्र वडिलांच्या राज्यात हक्काचा वाटा मिळाला नव्हता आणि त्याला अँटिओक शहर हवं होतं, हे खरं. पण एका बोहेमंडवरून सगळ्यांना मोजता येत नाही. साध्या नाइटलाही, म्हणजे घोडेस्वार योद्ध्यालाही, घोडे, शस्त्रं, नोकरचाकर धरून वर्षाच्या उत्पन्नाच्या कितीतरी पट खर्च यायचा. तो भागवायला त्यांनी मठांना जमिनी विकल्याची, गहाण टाकल्याची दानपत्रं आजही आहेत. त्या दानपत्रांतली भक्तीची भाषा मठातल्या लेखनिकाची आहे, तेव्हा तीही जशीच्या तशी सरदाराच्या मनातली धरू नये. व्यवहार मात्र खरा आहे, आणि तो तोट्याचा आहे.

स्टीफनपाशी जरा थांबतो. त्याने बायकोला, अडेलाला, मोहिमेवरून लिहिलेली पत्रं टिकली आहेत. नायकीया शहर जिंकल्यावर १०९७ च्या जूनमध्ये तो तिला कळवतो की अँटिओकने अडवलं नाही तर पाच आठवड्यांत आम्ही जेरुसलेमला पोचू. पोचायला दोन वर्षं लागली, आणि स्टीफन त्यात नव्हता. १०९८ च्या जूनमध्ये अँटिओक पडायच्या तोंडावर तो वेढा सोडून निघून गेला. निनावी वृत्तांत म्हणतो, आजारपणाचं सोंग केलं. इथून स्टीफन हा पळपुटा सरदार म्हणून कायमचा छापला गेला. पुढे नॉर्मंडीतल्या मठात बसून ओर्डेरिक व्हितालिस या इतिहासकाराने तर अडेला नवऱ्याला जवळ घेऊन, लाडीगोडी लावत परत जाण्याची गळ घालते असा प्रसंगच लिहिला. शयनगृहातला तो संवाद ओर्डेरिकने ऐकलेला असणं शक्य नाही. पण वाचणाऱ्या प्रत्येक उमरावाला त्यातून कळत होतं की माघारी आलास तर घरातही तोंड दाखवायला जागा नाही. स्टीफन खरोखर परत गेला आणि ११०२ मध्ये रामल्याजवळच्या लढाईनंतर मारला गेला. बायकोला लिहिलेली पत्रं, नाव गेल्याची लाज, मग पुन्हा प्रवास: हा माणूस ‘लुटीसाठी गेलेला धाकटा मुलगा’ या चौकटीत कुठे बसतो?

रक्ताचा मुद्दा. १५ जुलै १०९९ ला जेरुसलेममध्ये भयानक कत्तल झाली. तिच्याबद्दल शंका नाही आणि तिचं समर्थनही होऊ शकत नाही. पण लगामापर्यंतचं रक्त हे डोळ्यांनी घेतलेलं माप नव्हे. ते शब्द आगिलेरच्या रेमंडचे. तो सैन्यासोबत होता, धर्मगुरू होता, आणि बायबलमधल्या प्रकटीकरणाच्या चौदाव्या अध्यायातलं वाक्य त्याच्या लेखणीतून उतरलंय. ते ओळखणाऱ्या वाचकाला तो सांगत होता की हा देवाचा न्याय होता. म्हणजे ज्या वाक्याने आज आपल्या अंगावर काटा येतो, ते त्याने अभिमानाने लिहिलं. निनावी वृत्तांतात रक्त घोट्यापर्यंतच आहे. ७०,००० हा आकडा इब्न अल-असीर या अरब इतिहासकाराचा, शंभरहून जास्त वर्षांनंतरचा. कत्तलीच्याच काळात पूर्वेकडे प्रवास केलेला अंदलुसियाचा विद्वान इब्न अल-अरबी ३,००० म्हणतो. आणि कैरोच्या सिनेगॉगमध्ये सापडलेल्या कागदांत अस्कलोनच्या ज्यूंचं पत्र आहे: जेरुसलेमहून पकडून नेलेल्यांना आणि धर्मग्रंथांना पैसे भरून सोडवून आणलं, अजून पैसे हवेत. मला विचाराल तर ते पत्र त्या दिवसाबद्दल लगामापर्यंतच्या रक्तापेक्षा जास्त सांगतं.

आता त्यानंतर नव्वदेक वर्षांनी लढलेले रिचर्ड आणि सलाउद्दीन. दोघांची एकदाही भेट झाली नाही. रिचर्डने भेटीची इच्छा कळवली होती, सलाउद्दीनने ती टाळली. बोलणी चालायची ती सलाउद्दीनचा भाऊ अल-आदिल याच्याशी. रिचर्डने लोखंडी दांडा तोडला आणि सलाउद्दीनने तलवारीवर तरंगतं वस्त्र कापलं, हा प्रसंग वॉल्टर स्कॉटच्या १८२५ सालच्या कादंबरीतला आहे. मध्ययुगाच्या माथी तो मारू नका.

भेटवस्तूंच्या गोष्टीला मात्र आधार आहे, आणि तो बारकाईने वाचण्यासारखा आहे. ११९२ मध्ये रिचर्ड तापाने अंथरुणाला खिळला. त्याला फळं आणि बर्फ हवं होतं, आणि सलाउद्दीन ते पाठवत होता. हे लिहिणारा बहाउद्दीन सलाउद्दीनच्या पदरी होता, धन्यावर त्याची मनापासून भक्ती होती. तरी तो पुढे सरळ लिहितो की फळं नेणाऱ्या माणसांच्या येण्याजाण्यातून शत्रूच्या छावणीची बातमी काढायची होती. याफा शहरी रिचर्डला दोन घोडे पाठवले ते अल-आदिलने, असं रिचर्डच्या बाजूचा कवी आंब्रुआज सांगतो. पुढच्या कथांत तेच औदार्य सलाउद्दीनच्या नावावर जमा झालं.

दिलदारीच्या चित्रात जे बसत नाही तेही याच लेखकांनी लिहून ठेवलंय. २० ऑगस्ट ११९१ ला अक्का शहराबाहेर रिचर्डने सुमारे २,७०० कैदी कापले. आंब्रुआज ते लपवत नाही, उलट देवाचे आभार मानतो. बहाउद्दीन शोक करतो, पण कारणंही देतो: कोणी म्हणतात सूड, कोणी म्हणतात अस्कलोनकडे कूच करताना इतके कैदी मागे ठेवायचे नव्हते. दुसऱ्या बाजूला, ११८७ च्या जुलैत हत्तीनच्या लढाईनंतर सलाउद्दीनने पकडलेल्या टेम्पलर आणि हॉस्पिटलर या लढाऊ धर्मसंघांतल्या नाइटांची मुंडकी उडवली, आणि त्याचा चिटणीस इमादुद्दीन ते कौतुकाने सांगतो. त्याच वर्षी जेरुसलेम घेताना त्याने कत्तल होऊ दिली नाही, हे खरंच मोठेपण. पण सुटकेची किंमत पुरुषाला १० दिनार, बाईला ५ अशी होती, आणि ज्यांच्याकडे ती नव्हती असे हजारो लोक गुलाम झाले.

मग दिलदार सलाउद्दीन आला कुठून? बराचसा युरोपातूनच. तेराव्या शतकातल्या एका फ्रेंच काव्यात कैदेतला एक ख्रिस्ती सरदार सलाउद्दीनला नाइट होण्याचा विधी शिकवतो. ते काव्य सलाउद्दीनबद्दल नव्हतंच. शत्रूलासुद्धा हवंसं वाटावं असं आपलं व्रत आहे, हे त्यातून फ्रेंच नाइटांना ऐकवायचं होतं. इटालियन कवी दांतेने सलाउद्दीनला नरकाच्या वेशीवरच्या थोरांत, एकट्याला बाजूला बसवलं. आणि रिचर्डचं काय झालं? १० वर्षांच्या राज्यात जेमतेम ६ महिने इंग्लंडमध्ये राहिलेला, गिऱ्हाईक मिळालं तर लंडनही विकेन असं म्हटल्याची नोंद असलेला हा राजा. इसवी १३०० च्या सुमारास रचलेल्या इंग्रजी काव्यात तो आजारपणात डुकराचं मांस मागतो, त्याला मुसलमान कैद्याचं मांस शिजवून वाढतात, आणि कळल्यावर तो हसतो. लिहिणाऱ्याला ही स्तुती वाटत होती. ते काव्य वाचल्यावर ‘दिलदार शत्रू’ हे शब्द माझ्याच्याने लिहवत नाहीत.

राहिला भाटांचा मुद्दा. इब्न अल-असीर मोसुलच्या झंगी घराण्याच्या बाजूचा. सलाउद्दीनने त्या घराण्याला मागे सारलं होतं, आणि टायर शहर वेळेत घेतलं नाही म्हणून हा इतिहासकार त्याला स्पष्ट दोष देतो. हा भाट कसा?

आणि झ्वानव्हील. फ्रान्सचा नववा लुई, पुढे संत ठरलेला राजा, त्याचा हा सोबती. १२४८ मध्ये क्रुसेडला निघाला तेव्हा त्याने आपल्या गढीकडे मागे वळून पाहिलं नाही. तिच्याकडे आणि मागे राहिलेल्या दोन मुलांकडे पाहून मन हळवं होईल अशी भीती वाटली, असं तो लिहितो. एकदा राजाने त्याला विचारलं, महारोगी होशील की महापाप करशील? झ्वानव्हील म्हणाला, महारोगी होण्यापेक्षा तीस महापापं पत्करेन. राजा रागावला, समजावत बसला, आणि ते सगळं झ्वानव्हीलने लिहून ठेवलं. लुईने पुन्हा क्रुसेडची हाक दिली तेव्हा त्याने जायला नकार दिला: मी मागे गेलो तेव्हा माझी रयत नागवली गेली, आता इथे राहून तिचं रक्षण करणं हीच देवाची सेवा. राजा ट्युनिसला गेला आणि १२७० मध्ये तिथेच वारला. १३०९ मध्ये, ऐंशी ओलांडलेल्या झ्वानव्हीलने त्या संताचं चरित्र राजघराण्याच्या हाती दिलं. ज्यांनी राजाला जायचा सल्ला दिला त्यांनी महापाप केलं, हे वाक्य त्यात तसंच आहे.