“काही करत नाहीत ती”

आज पहाटे सहाला जाग आली ती टक टक आवाजानं. बाहेर येऊन बघते तर आई. हॉलच्या दारापासून किचनच्या खिडकीपर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. हातात काठी, पायात बाहेर घालायचे बूट, आणि लाईट बंद, का तर आम्ही उठू नये म्हणून. म्हटलं आई हे काय चाललंय? तर म्हणाली, “चालतेय. डॉक्टरांनी अर्धा तास सांगितलंय ना. घरातल्या घरात चाललं तर काय बिघडलं?”

सकाळपासून तेवढंच डोक्यात घुमतंय, कामात लक्ष लागलं नाही, म्हणून आता लिहायला बसलेय. लांबलचक होणार आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या शेजारी दोन कुत्री आहेत, एक काळं, चांगलं दांडगं, आणि एक तपकिरी, वयानं लहान. आणि त्यांचं गेट उघडं असतं. कधीतरी चुकून राहिलं असं नाही, रोज. सव्वादोन महिन्यांपूर्वी आई गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदा एकटी चालायला बाहेर पडली. एकटी जायचं तिलाच हवं होतं, मी मुद्दाम मागे राहिले. त्या गेटसमोर पोचली आणि दोन्ही कुत्री भुंकत अंगावर धावली. आई मागे सरकली, काठी सुटली, पडली. तळहात सोलले, पोटरीवर लांब ओरखडा, रक्त. तो दाताचा, नखाचा का रस्त्याच्या खडीचा कुणालाच सांगता येईना. तपकिरी कुत्रं पायापाशी होतं एवढंच तिला आठवतंय.

मी धावत गेले तेव्हा आई रस्त्यात बसलेली आणि शेजारचे दादा गेटमधून हाका मारतायत, कुत्री त्यांचं ऐकत नाहीयेत, आणि अशा वेळी ते माझ्या आईला काय म्हणाले, “काकू घाबरू नका हो, काही करत नाहीत ती.”

काही करत नाहीत! ७१ वर्षांची बाई समोर रस्त्यावर पडलीय, पायातून रक्त येतंय आणि काही करत नाहीत? म्हणजे लचका तोडला तरच “केलं” म्हणायचं का? त्या दिवसापासून आई त्या रस्त्यानं गेलेली नाही, हे कोणी केलं मग?

घरी आणून आधी साबण लावून धो धो नळाखाली १५ मिनिटं जखम धुतली, घड्याळ लावून. हे सगळ्यांनी लक्षात ठेवा प्लीज, पट्टी नाही, मलम नाही, आधी साबण आणि वाहतं पाणी, आणि मग त्याच दिवशी डॉक्टर, उद्या बघू नाही. आई वाटेत एकच विचारत होती, पोटात १४ इंजेक्शनं घ्यावी लागतील का गं? ते जुन्या काळचं, आता दंडात देतात. डॉक्टरांनी रेबीजच्या लसीचं ०, ३, ७, १४, २८ असं दिवसांचं वेळापत्रक लिहून दिलं, आणि रक्त आलं होतं म्हणून जखमेत आणि आजूबाजूला इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे लस काम करायला लागेपर्यंत सांभाळणाऱ्या तयार प्रतिपिंडांचं, वेगळं इंजेक्शन. ते देताना आईनं माझा हात इतका घट्ट धरला होता की अजून आठवतंय. गुडघ्याचा एक्स-रे काढला, गुडघा वाचला, देवाची कृपा.

डॉक्टरांनी विचारलं कुत्र्याला लस दिलीय का, कार्ड आहे का? मी तिथूनच दादांना फोन केला. “हो हो दिलीय ना, कार्ड शोधतो.” संध्याकाळी परत केला, शोधतो. दुसऱ्या दिवशी, बायकोला विचारतो. कार्ड काही आलं नाही. डॉक्टर म्हणाल्या त्यासाठी थांबायचंच नाही आपण, आणि थांबलो नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागली की मग जवळजवळ कुणीच वाचत नाही, हे शाळेत शिकलोय ना आपण सगळे? लुई पाश्चरनं १८८५ साली ९ वर्षांच्या मुलाला ती लस टोचली, तेव्हापासून लस आहे जगात, आणि २ कुत्री पाळणाऱ्या शिकल्यासवरल्या माणसाला एक कार्ड सापडत नाही. संताप होतो.

आता खरं सांगायची गोष्ट इथून पुढे आहे. डॉक्टरांनी सांगितलं की ते कुत्रं १० दिवस नजरेखाली ठेवा, खातंय का, पाणी पितंय का, वागण्यात फरक पडतोय का, मरत तर नाही ना. दादांवर माझा विश्वास उरलेला नव्हता. म्हणून मीच १० दिवस, रोज दोनतीन वेळा, आमच्या गच्चीवरून त्यांच्या अंगणात बघायचे. सुरुवातीला तर हात थरथरायचे, ते झोपलेलं दिसलं तरी वाटायचं उठेल ना.

आणि बघता बघता लक्षात आलं की या कुत्र्यांना आयुष्यच नाहीये हो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत साखळी. साखळी केवढी, तर पाण्याच्या भांड्यापर्यंत जेमतेम पोचेल एवढी. कुणी फिरवत नाही, कुणी खेळत नाही, कुणी दोन शब्द बोलत नाही. रस्त्यावरून माणूस गेला की ही भुंकणार, माणूस पुढे निघून जाणार. माणूस त्याच्या कामाला चाललेला असतो पण कुत्र्याला वाटतं मी भुंकलो म्हणून पळाला. दिवसातून शंभर वेळा हाच धडा. आणि मग संध्याकाळी आणि पहाटे साखळी काढायची, गेट उघडायचं आणि मोकळं सोडायचं, यालाच ते फिरवणं म्हणतात. दुसरं काय होणार?

त्या तपकिरीला एकदा काळ्याशिवाय बघितलं मी. काळ्याला कुठेतरी नेलं होतं. शेपूट पायात घालून भिंतीला चिकटून बसलं होतं, भांडं पडल्याच्या आवाजानं दचकलं. ते गुंड नाहीये, ते घाबरट आहे. काळं धावलं की ते मागनं धावतं, दोघं मिळून एकमेकांना चढवतात. पिल्लू तीन आठवड्यांचं असतं तेव्हापासून तीनेक महिन्यांचं होईपर्यंत त्याला माणसं, मुलं, सायकली, काठ्या, छत्र्या सगळं बघू द्यायचं असतं, ते दिवस गेले की मग प्रत्येक अनोळखी गोष्टीची भीती. त्याला ते कुणी दाखवलंच नाही. आईची काठीही त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच बघितली असेल.

दहाव्या दिवशी ते उभं राहून भुंकलं आणि मी गच्चीवर रडले. आईसाठी रडले का त्या कुत्र्यासाठी मला आजही सांगता येणार नाही.

त्यामुळे कमेंटमध्ये कुणी मला कुत्रेद्वेष्टी म्हणू नका. आमच्या घरी माझ्या लहानपणी कुत्रा होता, १३ वर्षं. तोही पट्ट्याशिवाय कधी गेटबाहेर गेला नाही, बाबा नेऊ द्यायचे नाहीत, आणि तो गरीब होता तरी नाही. बाबांचं एकच, आपल्याला तो माहितीय, समोरच्याला माहीत नाही.

हे सगळं मी दादांना चांगल्या शब्दांत सांगितलंय. तीनदा. गेटला आपोआप लागणारी कडी लावा, बाहेर काढताना पट्टा, माणसं असतील तिथे काळ्याला तोंडाला जाळी, हळूहळू सवय लावून. साखळी काढा, अंगणात मोकळं ठेवा पण गेट बंद ठेवा. एखादा चांगला ट्रेनर बघा, मी शोधून देते म्हटलं. उत्तर काय, “मग काय ताई, कोंडून ठेवू का मुक्या जनावरांना?” अहो आत्ता काय केलंय मग तुम्ही! साखळीत जखडून ठेवायचं नाहीतर रस्त्यावर सोडून द्यायचं, याच्या मधलं काहीच सुचत नाही का? मधलं जे आहे त्यालाच तर कुत्रं पाळणं म्हणतात. आणि “शेपूट हलवतात बघा, खेळायचंय त्यांना,” हेही त्यांचं सांगून झालं. ताठ, उंच, थरथरणारी शेपूट, पाठीवरचे केस उभे, शरीर कडक, नजर रोखलेली. याला खेळणं म्हणत नाहीत हो, स्वतःच्या कुत्र्याची भाषा तरी शिका.

हो, काही मुलं त्यांना गेटबाहेरून चिडवतात, खडे मारतात, बघितलंय मी. चूकच आहे. पण माझ्या आईनं कधी खडा मारला होता?

आणि तुम्ही सगळे. मुद्दाम लिहितेय कारण आपल्या लेनमधले निम्मे लोक ही पोस्ट वाचणार आहेत. तुमच्यातल्या किती जणांनी मला हळूच येऊन सांगितलं की आमच्या पोरीच्या सायकलमागे पण लागली होती, आम्ही तर गाडीच काढतो, आम्ही रस्ताच बदलला. मग मी तिथे उभी राहून बोलत होते तेव्हा गप्प का बसलात? “शेजारधर्म आहे, कशाला वाईटपणा.” वाईटपणा मी घेतेय ना एकटी. एका घराचं गेट लागत नाही म्हणून दहा घरांनी आपले रस्ते बदलले, आणि त्याला आपण समजूतदारपणा म्हणतोय.

जाऊदे. चिडून लिहिलं, कुणाला लागलं असेल तर लागू दे, पण तुमच्याशी भांडायचं नाहीये मला. तुम्हालाही भीती वाटते, मलाही वाटते. मुलांना मात्र एवढं शिकवा, कुत्रं अंगावर आलं तर पळायचं नाही, पळालं की ते पाठलाग करतंच. जागच्या जागी झाडासारखं उभं राहायचं, हात अंगाशी, ओरडायचं नाही, डोळ्यात बघायचं नाही, दप्तर छत्री जे असेल ते मध्ये धरायचं. पडलंच तर गुडघे पोटाशी घ्यायचे आणि हातांनी मान आणि कान झाकायचे. मी आईला पण शिकवलंय हे. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “झाडासारखं उभं राहायला गुडघे पाहिजेत गं.”

दादांना आज दुपारी परत मेसेज केलाय, या वेळी लेखी, ओरखड्याच्या फोटोसकट, आणि आठ दिवसांत गेटला कडी लागली नाही तर रीतसर तक्रार देणार हेही लिहिलंय. वाचलाय त्यांनी. उत्तर नाही. मगाशी गच्चीवर जाऊन आले, गेट उघडंच आहे, तपकिरी गेटच्या मधोमध बसलंय.

आई म्हणते मागच्या गल्लीनं जाऊ. मागची गल्ली सगळी दगडधोंड्यांची, तिथे काठी टेकत नाही. मला तिला पुढच्या रस्त्यानंच न्यायचंय, तो तिचाही रस्ता आहे. पण दोन कुत्री आणि आईचा हात, हे मला एकटीला जमेल का खात्री नाही. उद्या पावणेसातला निघायचंय, उजाडल्यावर. दोघं-तिघं जण आलात, नुसते बरोबर चाललात तरी पुरे. आईला मी अजून काही बोललेले नाही, तुमच्यापैकी कुणी येतो म्हणालं की मग सांगते.